चुन्यात बुडवलेली लोकर

माझ्या नवऱ्याच्या तोंडाला हिरवा रंग फासला गेला, तेव्हा मी काळेवाडीतल्या आमच्या खोलीत भाकऱ्या थापत होते. तिन्हीसांजेला ते दारात येऊन उभे राहिले आणि आत आलेच नाहीत. मी चुलीपासून मान वळवून पाहिलं. डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत हिरवा पट्टा. रंग वाळून कातडी ओढली गेली होती, त्यामुळं तोंड वाकडं झाल्यासारखं दिसत होतं. आधी वाटलं, काम करताना डबा सांडला असेल. मग नीट पाहिलं. सांडलेला रंग असा सरळ जात नाही. तो ब्रशनं ओढलेला होता, आणि ओढणाऱ्यानं सावकाश ओढला होता.

"कुणी केलं हे?"

"रॉकेल हाय का?" त्यांनी विचारलं. एवढंच.

मी कंदिलातलं रॉकेल फडक्यावर ओतलं आणि त्यांना उंबऱ्यावर बसवून पुसायला लागले. तेलरंग कातडीला धरून बसला की सहजी निघत नाही. मी घासत होते, रंग पातळ होऊन मानेवर ओघळत होता, आणि खाली कातडी लाल होत चालली होती.  त्यांनी डोळे मिटले नव्हते. समोरच्या बाभळीकडं बघत होते. शेवटी रंग निघाला, पण गालावर भाजल्यासारखा चट्टा उठला. मी खोबरेल लावलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत आणि मीही जेवले नाही. थापलेल्या भाकऱ्या सकाळी शेजारणीच्या शेळीनं खाल्ल्या.

काय घडलं ते मला दुसऱ्या दिवशी शेजारणीनंच सांगितलं. ती त्याच कामावर पाणी आणि चुना वाहायला जायची.

तेव्हा पिंपरीकडं माळावर नव्या कारखान्याची वसाहत उठत होती. गवंडी, सुतार, रंगारी, नाना जिल्ह्यांतून माणसं आली होती. आम्ही बीडकडचे. गावाकडं दोन वर्षं पाऊस रुसला म्हणून आलो आणि इथलेच झालो. माझे यजमान तेलरंगाचे कारागीर होते. दार त्यांनी रंगवलं की त्यावर ब्रशची रेघ दिसायची नाही. त्यांचा मुकादम पुण्याहून सायकलवर यायचा. पांढरा सदरा, बोटात अंगठी, तोंडात सतत पान. रंगकामाचा ठेका त्याचा, आणि ब्रशही तोच आणायचा. कारागिरानं स्वतःचा ब्रश आणलेला त्याला चालत नसे. त्याला वाटायचं, माणसाचं हत्यार त्याचं स्वतःचं असलं की माणूसही आपला राहत नाही.

त्या वेळी मोठ्या साहेबाच्या बंगल्याची दारं रंगवायची होती. मुकादमानं कुठूनसे स्वस्त ब्रश आणले. यजमानांनी एक ब्रश तळहातावर दाबला, केस ओढून पाहिले आणि सांगितलं, "मुकादम, हे दाराला नकोत. केस सुटतात ह्याचे. भिंतीच्या खालच्या पट्ट्याला घ्या पाहिजे तर."

"तुला काम करायचंय की शहाणपण?" मुकादम म्हणाला.

यजमानांनी काम केलं. रंग वाळला आणि दारावर शेवया चिकटाव्यात तसे केस दिसू लागले. साहेब आला. त्यानं नखानं एक केस उचकटला, तर केसाबरोबर रंगाचा पापुद्राही आला. साहेबानं मुकादमाला झापलं. मुकादमानं क्षणभर इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्या नवऱ्याकडं बोट केलं. "साहेब, मी उंची ब्रश आणले होते. ह्यानं ते विकले आणि हे भंगार आणलं. चोर आहे हा."

साहेब निघून गेला. मग मुकादमानं सगळ्या गवंड्या-बिगाऱ्यांसमोर ब्रश हिरव्या रंगात बुडवला. "बघू दे तरी, केस सुटतात का," असं म्हणून त्यानं तो यजमानांच्या तोंडावरून ओढला. शेजारीण सांगताना रडत होती. "हसले गं काही जण," ती म्हणाली. "आन् ते नुसते हुबे. हात बी उचलला न्हाई."

मी रडले नाही. कुणी मेलं तर रडतात. इथं तर तो माणूस जिवंत होता, सायकलवरून फिरत होता, पान खात होता. रडून काय करायचं होतं?

यजमानांनी ब्रश सोडला. चिखलीकडच्या वीटभट्टीवर कामाला जायला लागले. गालावरचा चट्टा गेला. मात्र ते माझ्याशी बोलायचे कमी झाले, आणि बाकी कुणाशी बोलायचे ते तर बंदच झाले. बाजारात समोरून कुणी ओळखीचा रंगारी आला की रस्ता ओलांडायचे. पूर्वी ते शीळ घालायचे. बेसूर घालायचे, मी चिडवायची. ती शीळ बंद झाली तेव्हा मी मनाशी ठरवलं, की त्या मुकादमाला मी सोडायची नाही. कसं, ते माहीत नव्हतं. पण देवापुढं उदबत्ती लावतानाही माझ्या मनात तेच यायचं. देवाला मी त्याचं वाईट कर असं कधी म्हटलं नाही. ते काम मला स्वतःच्या हातानं करायचं होतं.

वीटभट्टीवरच्या मजुरीत भागेना, म्हणून मी कुंचले बांधायला लागले. आगगाडीच्या रुळाच्या कडेनं केकताडाचं, म्हणजे घायपाताचं, कुंपण होतं. त्याची पानं कापायची, पवनेच्या पाण्यात दगडाखाली कुजवायची, ठेचून धुवायची, की आत पांढरे वाख, म्हणजे धागे, निघतात. त्यांची जुडी आवळून बांधली की चुना मारायचा कुंचला होतो. माझी आई हे करायची, मीही लहानपणी केलं होतं. हात सोलून निघतात, पण काम जमतं.

हे कुंचले मी चिंचवडच्या बाजारातल्या एका दुकानात द्यायची. खिळे, बिजागऱ्या, रंग, अळशीचं तेल असं सगळं तिथं मिळायचं. दुकानदार म्हातारा मुसलमान होता, सगळे त्याला चाचा म्हणत. माझा पहिला कुंचला त्यानं हातात घेतला, पाण्यात बुडवला, झटकला, पुन्हा बुडवला. "बेटी, गाठ अच्छी बांधतेस तू," तो म्हणाला. "आणत जा."

त्या दुकानात डुकराच्या केसांचे ब्रशही असत. तेलरंगाला त्यांच्यासारखा दुसरा ब्रश नाही, म्हणून रंगारी मागायचेच. पण चाचा त्यांना हात लावत नसे. ते खोकं पायरीजवळ वेगळं ठेवलेलं असे, आणि गिऱ्हाइकानं आपलं आपण निवडून घ्यायचं. नवा माल आला की तो लावायचीही पंचाईत. एक दिवस त्यानं मला विचारलं, "तुला चालेल का गं हे?" खरं सांगायचं तर मलाही किळस होती. गावाकडं असताना यजमानांचे ब्रश मी कधी घरात घेतले नव्हते, बाहेर खुंटीला टांगायला लावायची. पण मी हो म्हटलं. मला त्या खोक्याजवळ बसायचं होतं. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

ब्रशची पारख मला यजमानांनी शिकवली. मी एका संध्याकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं, आणि कितीतरी दिवसांनी ते सलग बोलले. केस तळहातावर दाबायचे. सोडल्यावर उसळून सरळ झाले पाहिजेत. पडून राहिले तर तो ब्रश मेलेला. टोकाशी केस दुभंगलेला असावा, म्हणजे तो रंग धरून ठेवतो. टोक तासल्यासारखं सपाट असेल तर रंग ओघळणार. मग मधोमध बोट घालून बघायचं. लबाड कारागीर मध्ये लाकडाचा जाड तुकडा घालतात आणि कडेनंच केस लावतात, वरून ब्रश भरदार दिसतो. शेवटी पत्र्याच्या पट्टीजवळ चिमटीत धरून ओढायचं. एखाद-दुसरा केस नव्या ब्रशाचा येतोच, पण येतच राहिले तर तिथल्या तिथं ठेवून द्यायचा.

"आन् दाराला रुंद, चौकटीला अरुंद," ते म्हणाले. "एकाच ब्रशात समदं करणारा रंगारी न्हवं."

 मी सगळं डोक्यात ठेवलं. महिनाभरात मला खोक्यात हात घातला की डोळे मिटूनही बरा-वाईट कळायला लागला.

पावसाळा सरत आला होता, तेव्हा वसाहतीतलं सभागृह बांधून झालं. दसऱ्याच्या आसपास मोठे पाहुणे येऊन त्याचं उद्घाटन होणार होतं. भिंतींना चुन्याची सफेदी, दाराखिडक्यांना हिरवा तेलरंग. ठेका कुणाचा, ते शेजारणीनं सांगायच्या आधीच मला कळलं होतं. तसल्या कामाला तोच असायचा.

त्याच सुमारास चाचाकडं मुंबईच्या व्यापाऱ्यानं एक नवी वस्तू नमुन्याला पाठवली. लाटण्यासारखा गोल रूळ, त्याला तारेची मूठ, आणि रुळावर मेंढीची लोकर चढवलेली. रोलर म्हणायचे त्याला. लांब बांबू जोडला तर परांची न बांधता उंच भिंत रंगवता येते, असं व्यापाऱ्याचं म्हणणं. मी बोट फिरवून पाहिलं. कोकराच्या पोटासारखं मऊ.

"हे गुळगुळीत भिंतीला," चाचा मला म्हणाला. "तयार डिस्टेंपर असतो ना, त्याला. चुन्यात घातलं की खलास. कुणाला देताना सांगायचं."

चाचानं सांगितलं नसतं तरी मला माहीत होतं. आमच्या गावाशेजारी चुन्याची भट्टी होती. तिथल्या माणसाची घोंगडी चुन्याच्या हौदात पडली होती. काढली तेव्हा तिची खीर झालेली. बोटानं उचलली तर तुटून येत होती. चुना लोकर खातो, हे आम्हां पोरांना तेव्हाच कळलं होतं.

मुकादम दुकानात आला तो दुपारी. चाचा नमाजाला गेला होता. मी आत कुंचल्यांच्या ढिगामागं पदर पुढं ओढून बसले होते. सायकल लावल्याचा आवाज आला, पान थुंकल्याचा आवाज आला, आणि मी ओळखलं. मी त्याला बाजारात लांबून पाहिलं होतं, पण त्यानं मला कधी पाहिलं नव्हतं. मी कधी कामावर गेलेच नव्हते.

"चाचा कुठंय?"

"येतील. काय पाहिजे?"

"ब्रश पाहिजेत. दाराचे." तो खोक्याजवळ वाकला.

आता हे सांगायला हवं, की सभागृहाचा ठेका त्याचा आहे हे कळल्यापासून मी त्या खोक्यातले चांगले ब्रश बाजूला काढत आले होते. सगळे. कुंचल्यांच्या बदल्यात चाचाकडून मला जे यायचं होतं, त्यात मी ते घेतले होते. चाचाला वाटलं, यजमान पुन्हा कामाला लागणार. तो खूशच झाला होता. खोक्यात उरले होते ते मधे लाकूड घातलेले, सपाट टोकांचे, वरून भरदार. मुकादमानं त्यातला एक उचलला, वजन केल्यासारखा हातावर झेलला, मुठीची पालिश बघितली. "हे बरे आहेत," म्हणाला. केसांना त्यानं बोटही लावलं नाही. मूठभर ब्रश त्यानं काढले.

मग त्याचं लक्ष रोलरकडं गेलं.

"हे काय?"

"रोलर. भिंत रंगवायचा. परांची लागत न्हाई, बांबूवर चालतो."

त्यानं तो हातात घेऊन फिरवला. त्याच्या डोळ्यांत मला हिशेब दिसला. परांची नको, चार माणसांचं काम एक माणूस करणार. "चुन्यात चालतो का हा?"

मी आवाज सरळ ठेवला. "चालतो की. पाण्यासारखा."

"नक्की?"

"मुंबईला समदे तेच वापरतात म्हनं."

त्यानं होते तेवढे सगळे रोलर घेतले. पैसे ठेवून सायकलवर बसला आणि गेला. मी पदर मागं सारला. दाराशी जाऊन तो रस्त्याच्या वळणापर्यंत दिसत होता तेवढा बघितला. चाचा परत आला तेव्हा मी एवढंच म्हटलं, की रोलर खपले. त्यानं विचारलं, "सांगितलंस ना?" मी म्हटलं, "सांगितलं." काय सांगितलं, ते त्यानं विचारलं नाही.

पुढचं मला रोज संध्याकाळी शेजारणीकडून कळायचं. मुकादमानं परांचीचे बांबू परत पाठवले. चुना मारणारे बहुतेक गडी काढून टाकले. म्हणाला, आता नवीन पद्धत आली, तुमची गरज नाही. मग राहिलेल्या दोघांना हाताशी घेऊन रोलर चुन्यात बुडवला.

चुन्याची एक गंमत असते. ओला असतो तोवर भिंतीवर पाणी मारल्यासारखं दिसतं. काही कळत नाही. पांढरेपणा वाळल्यावर उमटतो. त्यामुळं पहिल्या दिवशी मुकादम खूश होता. सगळं सभागृह भराभर ओलं करून घेतलं. लोकर बुळबुळीत व्हायला लागली, तर त्यानं दुसरा रोलर लावला, मग तिसरा. दाराखिडक्याही त्याच वेळी उरकल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पवनेवर धुणं धूत होते. शेजारीण धावत आली.

"अगं, भिंतीला केस आलेत!"

"कसले केस?"

"लोकर! समद्या भिंतीला लोकरीचे गोळे चिकटलेत. बुरशी आल्यावानी. आन् गिलाव्याच्या खड्ड्यात चुना गेलाच न्हाई, काळे ठिपके तसेच. आन् दारं! दारावर पुन्हा तेच केस, मागल्यासारखे." ती धापा टाकत होती. "साहेब नुसता वरडतोय."

माझे हात थांबले नाहीत. उलट जोर आला. हातातलं लुगडं मी इतक्या वेळा आपटलं की त्याचा काठ उसवला. मग मी पाण्यात उभी राहिले आणि हसले. शेजारीण माझ्याकडं बघत राहिली. तिला वाटलं असेल, हिला वारं लागलं.

मुकादम आमच्या दारात आला तो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. काढलेले गडी परत यायला तयार नव्हते. जे त्याला ओळखत होते, त्या सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, की हे काम वेळेत निस्तरणारा एकच माणूस आहे. यजमान वीटभट्टीवर निघायच्या तयारीत होते. त्यांनी दार उघडलं आणि तसेच उभे राहिले.

"भाऊ," मुकादम म्हणाला. आधी 'अरे'-'तुरे' करायचा, आता भाऊ. "जरा अडचण झालीय."



मी पुढं झाले. "कसली अडचण?"

"वहिनी, झालं गेलं विसरून जा. माणसाकडून होतं रागाच्या भरात."

"विसरायला आमी काय केलं हुतं?" मी म्हटलं. "तुमी विसरला असाल. आमच्या घरात ते रोज ताटावर येतंय."

त्यानं मान खाली घातली. अंगठी फिरवत राहिला. मला वाटलं, यजमान आता त्याला हाकलतील. मला तेच हवं होतं. पण ते म्हणाले, "साहेबापुढं बोला. जे त्या दिवशी बोलला, ते खोटं हुतं म्हणून. समद्यांपुढं. मग बघू."

मुकादम कबूल झाला. ते दोघं गेले, आणि मीही मागोमाग गेले. पदर खोचला, दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि नदी ओलांडून पिंपरीच्या वाटेला लागले.

सभागृहाच्या दारात साहेब उभा होता. काढलेले गडीही बातमी ऐकून जमले होते. मुकादम बोलला. तोंडातल्या तोंडात बोलला, "काही गैरसमज झाला होता," असं म्हणाला. मागून एक गवंडी ओरडला, "मोठ्यानं बोला राव, त्या दिवशी तर लई आवाज हुता!" मग त्याला स्पष्ट म्हणावं लागलं, की ब्रश मीच आणले होते आणि ह्यानं चोरी केली नव्हती. साहेबानं त्याच्याकडं एकदा पाहिलं. मग माझ्या यजमानांना विचारलं, "आता तुम्ही हे काम घेता का? तुमच्या नावावर?"

"घेतो," यजमान म्हणाले. "पन आधी भिंत खरवडाया हवी."

खरवडायचा पत्रा सगळ्यांच्या हातात होता, पण कुणी पुढं होईना. यजमान मुकादमाजवळ गेले. रागावून नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मुकादम, हा पत्रा घ्या. उगवतीची भिंत तुमची."

मला वाटलं तो पत्रा फेकून निघून जाईल. पण बिघडलेल्या मालाची भरपाई साहेब त्याच्याकडून मागणार होता, आणि काम उरकलं तर ती सोडून देणार होता. त्यानं सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि भिंतीला पत्रा लावला.

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि भाकरी सोडली. चटणी, कांदा. सावकाश खाल्लं. तो खरवडायचा, चुन्याचा भुगा आणि लोकर त्याच्या डोक्यावर, पापण्यांवर पडायची. पांढऱ्या सदऱ्याचा रंग कळेना. मध्ये मध्ये तो खोकायचा. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ गोडधोड जेवले, पण त्या भाकरीची चव मला पुन्हा कशालाही आली नाही.

जेवण झालं. मी उठून त्याच्याजवळ गेले. गडी लांब होते.

"पाण्यासारखा चालतो, न्हाई का?" मी हळूच म्हटलं.

पत्रा थांबला. त्यानं वळून माझ्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. आधी त्याला काही कळलं नाही. मग त्याचा चेहरा बदलत गेला, आणि तो बदलत असताना मी अख्खा बघितला, नजर काढली नाही.  पण तो कुणाला काय सांगणार होता? एवढा मोठा मुकादम, आणि कुंचल्यांच्या ढिगामागच्या एका बाईच्या शब्दावर त्यानं रोलर निवडले, हे? तो पुन्हा भिंतीकडं वळला.

दुपारी यजमानांनी सगळ्यांना चहा दिला, तेव्हा एक कप त्यालाही दिला. मला इतका संताप आला की मी माझा चहा ओतून टाकला.

काम वेळेत झालं. गडी परत घेतले, परांची पुन्हा बांधली, माझेच कुंचले वापरले. दारांवरचा रंग काढून यजमानांनी पुन्हा रंगवलं, मी बाजूला काढून ठेवलेल्या ब्रशांनी. मी ते ब्रश त्यांच्यापुढं ठेवले तेव्हा त्यांनी एकेक दाबून पाहिला. "कुणी निवडले?" त्यांनी विचारलं. "मी," म्हटलं. त्यांनी मान हलवली. पाहुणे आले, हार-तुरे झाले. आम्ही मागच्या रांगेत उभे होतो.

मुकादमानं गावात कुणाला काही सांगितलं नाही, पण चाचाला सांगितलं. मी कुंचले घेऊन गेले तेव्हा चाचानं ते घेतले नाहीत. आवाज चढवला नाही.

"तू माझ्या दुकानात बसून, माझ्या जागी बसून खोटं बोललीस," तो म्हणाला. "त्याच्याशी तुझं वैर असेल, ते मला समजतं. पण हे दुकान माझं आहे, बेटी."

 त्याचं बरोबर होतं. मी पाया पडले, त्यानं माघारी पाऊल घेतलं, आणि मी कुंचल्यांची मोळी डोक्यावर घेऊन परत फिरले. चाचाचं वाईट वाटलं. मुकादमाचं नाही. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि मी त्या कधी एकत्र केल्या नाहीत.

मोळी तशीच परत आणलेली बघून यजमानांनी विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. दुकान, खोकं, रोलर, सगळं. ते विडीचं टोक कुरतडत बसले.

"मला इचारायचं हुतंस," ते म्हणाले.

"तुमी नको म्हणला असता."

"म्हनलो असतो. माझा अपमान, आन् सूड तुझा. मंग मी कुठं हाय ह्याच्यात?"

"तोंड तुमचं हुतं," मी म्हटलं, "पण रॉकेल लावून पुसलं कुणी? चामडी निघत हुती तुमची. ते बघितलं कुणी?"

 दुसऱ्या दिवशी ते चाचाकडं गेले. काय बोलणं झालं ते मला कधी कळलं नाही. चाचा त्यांना माल देत राहिला, पण मला त्यानं पुन्हा दुकानात बसवलं नाही. पुढं पिंपरीत दुसऱ्या एकाकडं मी कुंचले द्यायला लागले. यजमान स्वतः ठेके घेऊ लागले. ब्रश आणायला मीच जायची, ते काम त्यांनी मला देऊन टाकलं.

मुकादमाला त्या भागात पुन्हा काम मिळालं नाही. लोक म्हणायचे, तो चाकणकडं भावाकडं गेला. खरं होतं. काही वर्षांनी मी चाकणच्या बाजारात गेले होते, तेव्हा तो बटाट्याच्या ढिगापाशी उकिडवा बसून बटाटे निवडत होता. बरोबर त्याची बायको होती. अंगठी नव्हती बोटात. त्यानं वर पाहिलं, मला ओळखलं, आणि हातातला बटाटा सोडून उठला. बायको म्हणाली, "अहो, घ्यायचे ना?" तो तिला घेऊन चालता झाला. ती बिचारी वळून माझ्याकडं बघून ओळखीचं हसली, उगीच.

माणसं सांगतात, सूड घेऊन मनाला शांती मिळत नाही. मिळत असेल नसेल, मला तेव्हा भूक लागली होती. मी त्याच्या जागेवर उकिडवी बसले आणि त्यानं निवडून बाजूला काढलेले सगळे बटाटे घेतले. चांगले निघाले.